बांधावरचं उष्टावण

सिस्टर म्हटलं की लोकांना सुई आठवते. माझ्या हातून डोस घेतलेली पोरं आता बाप झालीत, तरी पौडच्या बाजारात मी समोरून आले की त्यांचा हात आपोआप दंडावर जातो. माझी सगळी नोकरी मुळशी तालुक्यात गेली. आधी धरणाच्या काठच्या गावांत, मग घोटावड्याला आणि शेवटची वर्षं कोळवण खोऱ्यात. उपकेंद्र म्हणजे दोन खोल्या, एक खाट, लसींचा डबा आणि पावसाळ्यात गळणारा एक कोपरा, जो दर दुरुस्तीनंतर फक्त जागा बदलतो. तिथून आसपासच्या गावांतल्या गरोदर बाया, बाळंतिणी आणि बाळं सांभाळायची, हे आमचं काम.

दिवाळी अंकासाठी लिहा म्हटल्यावर माझ्या मुलीने सुचवलं, पुरात होडीतून बाळंतीण नेलीस ते लिही. ते मी इतक्यांदा सांगितलंय की दर वेळी होडी थोडी लहान आणि पूर थोडा मोठा होत चाललाय. तेव्हा ते नको. मी जे लिहिणार आहे त्याबद्दल बाया आपसातही बोलत नाहीत. पोटातलं बाळ गेलं तरी आईला दूध येतं. त्या दुधाचं काय करायचं, हे तिला कुणी सांगत नाही.

आधी थोडं समजावून सांगते, कारण शिकलेल्या घरांतूनही मला "असं कसं होईल?" असं विचारलं गेलंय. बाळामागून वार पडली की अंगाला कळतं, बाळंतपण झालं, आता दूध करा. बाळ जिवंत आहे का, हे अंग विचारत बसत नाही. पाचव्या महिन्यात सगळं संपलं तरी दूध उतरू शकतं. दवाखान्यातून रिकाम्या हाताने आलेली बाई पहिले काही दिवस सुन्न पडून असते, आणि एका सकाळी उठते तो छाती दगडासारखी घट्ट, ब्लाउज भिजलेला. तिला वाटतं आपल्याला काहीतरी रोग झाला. रोग नसतो. अंग आपलं काम चोख करत असतं आणि तेच तिला सोसवत नाही.

उपाय साधे आहेत. छाती कापडाने आवळून बांधायची नाही. जुन्या बाया बांधतात, त्याने गाठी होतात. आधार देईल पण काचणार नाही असं काही घालायचं. गार पाण्याच्या घड्या ठेवायच्या. दुखलं तर डॉक्टरांना विचारून गोळी. फारच ताण आला तर हाताने थोडंसं काढायचं, बरं वाटेपुरतंच. पुरतं रिकामं केलं की अंगाला वाटतं बाळ पितंय, आणखी करा. ताप आला, छातीवर लाल गरम चट्टा दिसला तर घरात बसायचं नाही, दवाखाना गाठायचा. दूध थांबवायच्या गोळ्याही असतात, पण त्या प्रत्येकीला चालत नाहीत, ते डॉक्टरांनी ठरवायचं. पुण्यात दूधपेढ्या आहेत, काही आया तिथे दूध देतात आणि त्यांना त्यात समाधान मिळतं. ज्यांना नको वाटतं त्यांनाही काही चुकलं असं वाटायचं कारण नाही.

एवढं सांगायला फार वेळ लागत नाही. गोची वेगळीच आहे. बाळंतिणीच्या घरी आम्ही जातो ते बाळाचं वजन करायला, नाळ बघायला, लसीचा दिवस सांगायला. बाळच नसेल तर कसल्या निमित्ताने जायचं? गावातल्या आशा कार्यकर्तीचे पाय त्या दारात अडखळतात आणि घरचे म्हणतात, कशाला आठवण काढायला आलात. मी मग बी.पी.चं मशीन घेऊन जायला लागले. बी.पी. बघायला आलेल्या सिस्टरला कुणी हाकलत नाही, उलट घरातले सगळेच दंड पुढे करून रांगेत बसतात. ही युक्ती मला फार आधी सुचायला हवी होती, एवढी हळहळ आहे.

घोटावड्याला असताना एक नामी गिऱ्हाईक आलं होतं. हिंजवडीकडच्या उंच इमारतीत राहणारा तरुण, गळ्यात कंपनीचा पट्टा, हातात मोठी पिशवी. "मॅडम, एक पर्सनल क्वेश्चन होता," म्हणाला आणि दार लोटून घेतलं. "वाइफचं दूध थांबायला कोबीची पानं ठेवा असं ऑनलाइन वाचलं. पण कोबी ग्रीन की पर्पल? ऑरगॅनिकच लागेल का?" पिशवीत नाना तऱ्हेचे गड्डे होते. मला हसू आलं, ते मी गिळलं. "गार असली की झालं," मी म्हटलं. "फ्रिजमध्ये ठेव, पानाची जाड शीर लाटण्याने दाब आणि कोमेजलं की बदल." त्याने ते सगळं मोबाइलमध्ये टिपून घेतलं आणि मग तिथेच, लसींच्या डब्याशेजारी बसून रडला. "पाळणा रिटर्न केला मॅडम, पण हे कसं थांबवू?" पुढे त्याचा फोन आला. बायको बरी होती. "पण आमच्या घरात आता कोबीची भाजी कधीच होणार नाही," म्हणाला. माझाही जीव भांड्यात पडला.

पण माझ्या मनात जे घर बसलंय ते कोळवण खोऱ्यातलं. सोनल त्या घराची धाकटी सून. तिचा नवरा संदीप जीप चालवायचा, शनिवार-रविवारी येणाऱ्या शहरी पाहुण्यांना फार्महाऊसवर पोचवायचा. सासरे वारलेले, घराचा कारभार सासूच्या, हौसाबाईंच्या हातात. घरची भातशेती, गोठ्यात गाई, आणि मोठी सून पूजा, तिचा रांगायच्या बेतातला मुलगा शंभू. सोनलला आठवा महिना लागला होता. बाळ हलत नाही म्हणून ती उपकेंद्रात आली. मी ठोके शोधले, मला सापडले नाहीत. पुण्याला पाठवलं, तिथे मुलगी झाली ती गेलेलीच. आमच्याकडे एवढ्याशा बाळाला पुरतात. घरच्या खाचराच्या बांधावर, करंजाच्या झाडाखाली हौसाबाईंनी स्वतःच्या हाताने तिला ठेवलं.

मशीन घेऊन मी गेले. वर लिहिलंय ते सगळं सोनलला सांगितलं. तिने मान हलवली. पंधरवड्यात आटेल, असं मनाशी म्हणत मी परतले.

ते काही आटलं नाही. पुन्हा गेले तर सोनल मागच्या खोलीत छातीशी टॉवेल धरून बसलेली. घर अगदी चिडीचूप. चुलीवर मात्र अळिवाची खीर रटरटत होती. शेपूची भाजी, बाजरीची भाकरी, डिंकाचे लाडू, अंगाला तेल, कढत पाणी, शेगडीचा शेक, सगळं साग्रसंगीत चाललेलं. मी तोंडात बोट घातलं. कारण मूल गेलं की बऱ्याच घरांत बाईला आठवड्याभरात कामाला जुंपतात.

हौसाबाई म्हणाल्या, "लेकरू गेलं म्हून ती बाळंतीन न्हाई व्हय? कुडी तर रिकामी झाली की तिची. म्या बाळंतपनात काय बी कमी करनार न्हाई."

मला त्या बाईच्या पाया पडावंसं वाटलं. त्याच वेळी चुलीवरची ती खीर उतरवून ठेवावीशीही वाटली. कारण हा सगळा थाट आपल्याकडे दूध वाढावं म्हणून करतात. अळिवाने किती वाढतं ते मला ठाऊक नाही, पण रोज छाती शेकून, चोळून मोकळी केली तर दूध थांबणार कसं?

"शंभू कुठाय?" मी विचारलं. हौसाबाईंनी आवाज खाली आणला. पूजाला त्याच्यासह माहेरी पाठवलं होतं. तो रडला की सोनलचा पान्हा फुटायचा, तिला त्रास नको म्हणून. मागच्या खोलीत सोनलने माझ्या कानाशी लागून दुसरंच सांगितलं. "माझी नजर लागंल म्हून धाडलं त्यास्नी." तिचे डोळे भरून आले. "सिस्टर, हे थांबंल कवा? हे थांबल्याबिगर पूजाताई यायची न्हाई. शंभूला मीच आंघूळ घालायची वो. तो मला वळखायचा बी न्हाई."

एकाच घरातली माणसं एकमेकींना जे सांगत नाहीत ते सिस्टरला सांगतात, आणि सिस्टरने ते पोटात ठेवायचं असतं. मी फक्त विचारलं, "दूध किती काढतेस?"

"आत्या काडत्यात," सोनल म्हणाली. सासूला ती आत्या म्हणायची. "वाटी भरस्तवर."

मी हौसाबाईंना बजावलं, एवढं काढू नका. त्यांनी "बरं" म्हटलं. ते 'बरं' माझ्या ओळखीचं होतं. लस टोचून घ्यायची नसली की बाया असंच 'बरं' म्हणतात.

मग एका सकाळी संदीपचा फोन आला, सोनलला सणकून ताप भरलाय. मी निघाले. घराच्या अलीकडे पायवाटेवर हौसाबाई भेटल्या. बांधाकडून येत होत्या, हातात रिकामी चांदीची वाटी.

"कुठे गेला होतात, मावशी?"

"बायला पाजून आले," त्या म्हणाल्या. शेजारणीला पीठ देऊन आले, इतक्या सहज.

बाय म्हणजे ती गेलेली नात. ते वाटीभर दूध रोज बांधावर जात होतं, करंजाखाली. आणि वाटी भरत होती म्हणून दूध येत होतं, दूध येत होतं म्हणून वाटी भरत होती. पण तेव्हा बोलायला वेळ नव्हता. आत सोनल तापाने फणफणलेली, एका बाजूला हाताएवढा लाल चट्टा. तिला संदीपच्या जीपमध्ये घातलं आणि पौडच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी तपासलं, औषधं दिली. म्हणाल्या, पू झालेला नाही, वेळेत आणलंत. दूध एकदम तोडू नका, हळूहळू कमी करा.

ताप उतरल्यावर मी हौसाबाईंना गोठ्यात गाठलं. रस्ताभर काय बोलायचं ते घोकत आले होते, आणि तोंडातून निघालं भलतंच.

"मावशी, गाय आटवायची असली की काय करता?"

"काय करायचं? पेंड कमी करायची. येकायेळची धार सोडायची. मग दिसाआड. पुरतं पिळायचं न्हाई, न्हाईतर आटतीया कुटली..." बोलता बोलता त्यांचा हात थांबला. "का वं?"

मी मागच्या खोलीकडे पाहिलं.

"माजी सून काय गाय हाय व्हय?" त्या कडाडल्या. गाईनेसुद्धा मान वळवून माझ्याकडे पाहिलं.

"नाही मावशी. पण अंगाचा कायदा दोघींना एकच."

त्या गाईच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. मग हळू आवाजात म्हणाल्या, "म्हंजी म्याच आटू दिलं न्हाई म्हना की."

"तुम्ही बाळंतपण केलंत. इतक्या मायेचं बाळंतपण मी फार थोड्या घरांत पाहिलं." हे मी समजूत काढायला म्हटलं नव्हतं, ते खरंच होतं.

"पर शिस्टर, पोरगी एक थेंब पोटात न जाता गेली वो. उपाशी गेली. उपाशी लेकराचं दूध कसं तोडू म्या?"

बाळ आता नाही, हे त्यांना सांगण्यात अर्थ नव्हता. तिला मातीत ठेवणारे हात त्यांचेच होते. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि मी उगाच दाव्याची गाठ बघत उभी राहिले.

उत्तर त्यांनीच काढलं. "शंभूचं उष्टावन केलं गनपतीत. भाताची चव लागली तवापास्नं पेनं कमी झालं त्याचं." त्या माझ्याकडे वळल्या. "बायचं उष्टावन करू. भात खाल्ला की लेकरू दुधाला हटून बसत न्हाई. पोरीचं इषम म्हयन्यात करत्यात. आठवा लागलावता, म्हंजी पोटातलं सात भरलं की! सात इषमच हाय."

असा हिशेब मी जन्मात ऐकला नव्हता, पण त्यात खोट काढता येईना. मी एवढंच म्हटलं, "आधी सोनलला विचारा."

त्या तशाच, शेणाच्या हातांनी मागच्या दारात गेल्या. बाळ गेल्यापासून त्या दोघी बाळाबद्दल पहिल्यांदाच बोलत होत्या. सोनल आधी हमसून हमसून रडली. मग म्हणाली, "करू या आत्या. किरणला बोलवा." किरण तिचा धाकटा भाऊ. उष्टावणाला पहिला घास मामाने भरवायचा असतो. मग तिने तोंड वर केलं. "पर एक सांगा. माझी नजर लागंल म्हून शंभूला धाडलं ना?"

"काय?" हौसाबाई उडाल्याच. "आगं येडे, त्याच्या रडन्यानं तुजा जीव तुटायचा म्हून धाडलं! नजर लागाय तू काय चेटकीन हायेस व्हय?"

सोनल आधी बघतच राहिली आणि मग रडता रडता हसायला लागली. हौसाबाईंनी शेणाचे हात बाजूला धरून कोपरांनीच तिला जवळ घेतलं. मी दारात उभी होते. हुश्श झालं मला.

आता सरकारी सिस्टरने अशा गोष्टीला जावं का, हे मी स्वतःला विचारलं. कुणी देवऋषी नव्हता, कोंबडं कापायचं नव्हतं, गंडेदोरे नव्हते. मी मशीन घरी ठेवलं आणि पाहुणी म्हणून गेले.

किरण घोटावड्याच्या कारखान्यातून पाळी संपवून तसाच आला, अंगात निळा शर्ट, मोटारसायकलवर पुढे केळीचं पान. हौसाबाईंनी जुन्या आंबेमोहोराची मऊ खीर केली होती. भात निसवलेलं होतं, लोंब्या बाहेर आलेल्या, त्यातून आम्ही एकामागे एक बांधाने गेलो. करंजाखाली किरणने पान मांडलं आणि घास हातात घेऊन थांबला.

"ताई, नाव काय घ्यू?"

बारसं झालेलं नव्हतं, हे कुणाच्याच ध्यानात आलं नव्हतं. हौसाबाई चपापल्या. संदीप खाली बघायला लागला. सोनलने मात्र लगेच नाव सांगितलं. तिने ते आधीपासून ठरवून ठेवलं होतं, नवऱ्यालाही ठाऊक नव्हतं. ते नाव मी इथे लिहीत नाही, ते त्या घराचं आहे.

किरणने त्या नावाने हाक मारली. "खा गं बाय, मामा भरवतोय." घास पानावर ठेवला. हौसाबाईंनी चमचाभर दूध बाजूला सोडलं. मग उरलेली खीर आम्ही सगळ्यांनी तिथेच उभ्या उभ्या खाल्ली. गूळ घालायचा राहून गेला होता.

त्या दिवसानंतर वाटीच्या जागी पळी आली आणि पळीच्या जागी चमचा. अळिवाचा डबा वरच्या फळीवर गेला, शेगडी विझली. छाती ताठली तर गार घडी आणि थोडंसं मोकळं करणं, एवढंच. मी येता-जाता डोकावत होते. लाल चट्टा गेला, गाठ विरघळली. एका सकाळी मी पावसाने ओली झालेली छत्री उपकेंद्राच्या दारात झटकत होते, तोच सोनलचा फोन आला.

"सिस्टर, आज कोरडी हाय मी."

"अगं वा!"

"रडू येतंय, पर बरं बी वाटतंय. दोनी संगंच. चालतंय का?"

"चालतंय," मी म्हटलं. फोन ठेवला आणि खुर्चीत बसून राहिले. नोकरीत पुष्कळदा सुटल्यासारखं वाटलंय, पण त्या दिवसाइतकं क्वचितच.

दिवाळीला हौसाबाईंनी फराळाला बोलावलं. माझी ती नोकरीतली शेवटची दिवाळी. गेले तर ओटीवर पूजा करंज्या भरत बसलेली, तिला जाऊन मिठी मारावी इतका मला आनंद झाला. शंभू रांगत घरभर हिंडत होता. सगळ्यांना ओलांडून तो सोनलपाशी गेला, तिच्या मांडीवर चढला, पदर ओढला आणि तोंड तिच्या छातीत खुपसलं.

पूजाचा हात करंजीवर थांबला, आत चुलीपाशी हौसाबाईंचा झारा कढईच्या वर. सोनलने खाली मान घालून ब्लाउजवर हात ठेवला. मग तिने शंभूची हनुवटी धरून तोंड वर केलं.

"हितं काय न्हाई रं बाबा. दुकान बंद हाय. जा आईकडं."

आणि ती खळखळून हसली. तिच्यामागून पूजा हसली, मी हसले. आतून हौसाबाई ओरडल्या, "चकल्या जळाल्या गं बया!"

पूजाने शंभूला घ्यायला हात पुढे केले. सोनलने त्याला दिला, पण लगेच नाही.